उतारावरची राख

आमच्या गेरपासून पाण्याच्या खोपटापर्यंत
तीनशे बारा पावलं. उतार.
परतताना चारशेच्या पुढे जायची,
भरल्या गाडीमागे पाऊल अर्धंच पडतं.
हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही.

उलानबातरच्या उत्तरेकडच्या टेकड्यांवर
आलो तेव्हा मी सात वर्षांची.
ज्या हिवाळ्यात मेंढ्या उभ्या उभ्या गोठल्या
त्याच्या पुढच्या वसंतात
बापाने गेर मोडून ट्रकवर चढवलं,
भाड्यापोटी शेवटचा घोडा दिला
आणि डांबर संपतं तिथे पुन्हा तंबू ताणला.
दार दक्षिणेलाच, रीतीप्रमाणे.
दक्षिणेला आता वीजघराची धुराडी.
"मोठं गाव आहे," एवढंच आई म्हणाली
आणि चुलीत कोळसा सारला.

त्या कोळशाचा वास कोटात, केसांत, वहीच्या पानांत.
वर्गात त्सेलमेग माझ्यापासून सरकून बसायची.
फार नाही. बोटभर.

आणि काय काय आलं मला:
डबा किती भरलाय ते टिचकीच्या आवाजावरून.
"जेवून आलेय" कसं म्हणायचं ते,
लगेच नाही, जरा थांबून,
ताटाकडे न बघता.
पाहुणा आला की चहात दूध ओतताना
आईचा हात कसा सैल सुटतो
आणि तो गेल्यावर आठवडाभर कसा आखडतो.

लोक म्हणतात, गरिबी माणसाला घडवते.
घडवते की.
पण घणाला कुठे ठाऊक असतं
खाली लोखंड आहे की काच.
माझा भाऊ गान्सुख त्याच चुलीशी शेकला,
कोरियात कामाला गेला,
आणि दुसऱ्या वर्षापासून फोन उचलेना.

एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही.
दहाव्या वर्षी, जानेवारीत, संध्याकाळी
गाडीचं चाक दगडावर चढलं
आणि वीस लिटरचा डबा उतारावर लवंडला.
पाणी वाहायच्या आधीच थिजत गेलं.
मी रडले ते पाण्यासाठी,
पुन्हा रांगेत उभं राहायचं म्हणून.
बर्फाचा विचार मनात आलाच नाही.

सकाळी म्हातारे लुव्सानदोर्ज तिथे घसरले.
खुब्याचं हाड मोडलं.
मला खिशातून आरूलचा तुकडा काढून देणारे,
सुक्या दह्याचा, दगडासारखा, दिवसभर चघळायचा.
चौघांनी त्यांना दारावर घालून खाली नेलं.
मी तंबूच्या फटीतून बघत होते.
आईही बघत होती,
त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

ती ओरडली नाही.
चुलीतली राख बादलीत भरली,
बादली माझ्या हातात दिली,
आणि दाराचा पडदा वर धरला.

त्या दिवसापासून रोज, उजाडायच्या आत,
मी उतारावर राख पसरत गेले.
आमच्या दारापुरती नाही, खोपटापर्यंत.
तीनशे बारा पावलं.
कुणी विचारलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही.
लुव्सानदोर्ज वसंतात काठी टेकत आले,
राखेवर पाय रोवून थांबले,
म्हणाले, "कुणीतरी शहाणं दिसतंय इथे."
आरूल दिलं. मी घेतलं.
इतकं खारट कधी लागलं नव्हतं.

आता नवव्या मजल्यावर राहते.
भिंतीतल्या नळ्यांतून ऊन पाणी फिरतं,
चूल नाही, म्हणून राखही नाही.
मुलगा नळ सोडून दात घासतो.
कधी बोलते, कधी नुसतीच जाऊन बंद करते.
तो म्हणतो, आई, तू चालताना काय मोजतेस?

पहिलं बर्फ पडतं त्या पहाटे
मिठाची पिशवी घेऊन मी खाली उतरते,
पायऱ्यांवर मूठ मूठ टाकते,
फाटकापर्यंत, पुढे बसथांब्यापर्यंत.
नवे भाडेकरू मला झाडूवाली समजतात.
काल एकाने नोट पुढे केली.
मी घेतली,
आणि तिचं मीठ आणलं.