दाराची डबी

नवरा नोटांच्या छापखान्यात.
दिवसभर ओल्या शाईचे कागद मोजतो,
आणि संध्याकाळी गेटवर
झडतीला खिसे उलटे करून दाखवतो.
नेहरूनगरच्या बायका म्हणतात, तुम्हाला काय कमी!
मी हसते.
अवनेरच्या बुटांचे या खेपेला चार हजार दोनशे झाले,
आत लोखंडी पट्टी, डावा टाचेला उंच,
आणि पाय तर वाढतोच आहे, देवाचे उपकार.

सिव्हिलची तिसरी चक्कर.
त्र्यंबक नाक्यावर रिक्षातून उतरवताना
पोरगं माझ्याएवढं झालंय
हे आधी पाठीला कळतं.
खिडकीतला माणूस विचारतो, धर्म?
ज्यू.
जैन?
ज्यू. यहुदी. बेने इस्राएल.
तो यादीत वर जातो, खाली येतो,
शेवटी ‘इतर’वर बोट टेकवतो.
झिराडकर म्हणजे अलिबागकडचे ना, मग आपलेच की तुम्ही!
हो, आपलेच. टक्के किती लिहिलेत?
पंच्याहत्तर.
आमच्या घराण्यात एवढे
आजवर कुणाला पडले नव्हते.

दर महिन्याच्या सात तारखेला
ठाण्याहून फ्लोराबाई वाक्रुळकरांचा फोन.
पैसे टाकलेत, बघून घे.
पेटीतले. कुणाकुणाचे ते त्या सांगत नाहीत,
मीही आता विचारत नाही.
पहिल्यांदा मी नको म्हटलं होतं.
तीन दिवस टिकलं ते नको,
मग फिजिओचं बिल आलं.
आणि पावती आली तेव्हा रागही आला होता,
हेही खरं आहे, लपवत नाही.
नावाच्या जागी छापलं होतं: गरजू मूल.
मी फोनवर काय काय बोलले, आता आठवूही नये.
पुढच्या पावतीवर ते दोन शब्द खोडलेले,
वर निळ्या पेनानं, थरथरत्या अक्षरात: अवनेर.

बुधवारी खालच्या मजल्यावरच्या
पुष्पलता गांगुर्डे दोन तास येऊन बसतात.
मेथी निवडतात, त्याला काड्या देतात,
तो त्या एकेक करून जमिनीवर टाकतो,
त्या एकेक करून उचलतात.
मला म्हणतात, जा तू.
काही काम असतं असं नाही.
बिटको चौकापर्यंत चालते आणि परत येते,
दोन्ही हात मोकळे,
त्यांचं काय करायचं ते मला अजून नीट जमत नाही.

शुक्रवारी शब्बाथच्या शरबतासाठी काळ्या मनुका भिजतात.
डॉक्टरांनी मुठीला स्पंजचा चेंडू सांगितला होता,
साडेतीनशेचा.
अवनेर मनुका पिळतो.
अर्धं शरबत पातेल्यात, अर्धं माझ्या पदरावर,
आणि तो असा हसतो
की मी गाळणी बाजूला ठेवून देते.

या महिन्यात ट्रस्टनं उतार करायला पैसे दिले,
आणि न्हाणीत धरायला दांडी.
देवळालीगावाहून रज्जाक मिस्त्री आले.
दाराचं माप घेता घेता म्हणाले,
बाई, ही चौकटीवरची डबी काय आहे?
मी सांगितलं. आत वचनं आहेत,
येता-जाता हात लावायचा, बोटं ओठांना न्यायची.
आणि हा? खुर्चीकडे बघत त्यांनी विचारलं.

हा रोज हात फेकतो.
वीतभर कमी पडतो, रोज.
मला वाटायचं, खेळतोय.

मी ठाण्याला फोन लावला.
फ्लोराबाई म्हणाल्या, डबी चौकटीच्या वरच्या भागातच हवी,
नियम आहे तसा,
पण थांब, हज्जानना विचारून सांगते.
अजून सांगायचंय त्यांना.

मिस्त्रींनी दोन स्क्रू काढले,
फुंकर मारून खिशात टाकले, मग खाली बसले,
त्याच्या खांद्याएवढे.

वर दोन भोकं राहिलीत,
रंग द्यायचा आहे.
नवरा पहाटेच्या पाळीला निघताना
सवयीनं आधी तिथंच हात नेतो,
भोकांवर क्षणभर बोटं थांबतात,
मग डबा बगलेत धरून
वाकतो.