अकरा टेबलं

विमा कंपनीच्या मागच्या अंगणात बसवायला
अकरा टेबलं हवी होती.
तेलावीचा चढ चढून इझोल्दाबाई स्वतः आल्या,
हातात कागद, कागदावर मापं:
उंची चौऱ्याहत्तर सेंटिमीटर, रंग पांढरा,
कोपऱ्यात वायरीसाठी भोक.
म्हणाल्या, माणसं आत कोमेजतायत, बादरी,
त्यांना जरा उन्हात ठेवायचंय.
जसं काही लोणचंच घालायचं होतं.

मी म्हटलं, उंची मोजायची कुठून?
आत फरशी असते, तिथे चारही पाय एकमताने उभे राहतात.
बाहेर प्रत्येक पायाचं आपलं म्हणणं असतं.

अंगण म्हणजे मोडक्या खुर्च्या, कूलरची खोकी,
थोटकांनी भरलेला रंगाचा डबा
आणि मधोमध तुती,
जी तोडायचं चारदा ठरलं
आणि चारही वेळा करवतवाला जेवायला गेला तो आलाच नाही.
(करवतवाला मीच.)

जूनच्या पहिल्या सोमवारी माणसं बाहेर बसली.
आतल्यासारखीच. रांगेत, भिंतीकडे तोंड करून.
स्क्रीनवर ऊन पडलं, आकडे दिसेनात,
झुराबने कोट डोक्यावरून ओढला
आणि जुन्या फोटोवाल्यासारखा
अंधारात वाकून हिशेब केला.
शेजारच्या कोंबड्याने त्बिलिसीच्या मीटिंगमध्ये
तीनदा आपली हरकत नोंदवली.
एका करारावर, बरोब्बर सहीच्या जागी,
तुती पडली. जांभळी.
तिसऱ्या आठवड्यात टेबलं वळलेली दिसली,
काही झाडाकडे, काही एकमेकांकडे.
कुणी हलवली, कुणी सांगेना.
मी आपला पाचरी मारत राहिलो.

त्सिआला तेवढी आतच.
एकोणीस वर्षं ती गारपिटीचे दावे तपासते.
अर्जात रकाना आहे: गारेचा आकार.
द्राक्षवाले लिहितात, अक्रोडाएवढी.
ती लाल पेन्सिलीने अक्रोड खोडते, वाटाणा लिहिते.
माणसं वाढवूनच सांगतात, म्हणते,
आणि पडदा ओढून घेते.
शेवटी इझोल्दाबाईंनी तिची खुर्चीच बाहेर नेली.
खुर्चीमागोमाग ती.

जुलैच्या चार तारखेला, दुपारी,
मी अकराव्या टेबलाखाली डुगडुग शोधत होतो,
तेव्हा अलाझानीच्या खोऱ्यावरून आभाळ चालत आलं,
चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखं.
आधी एकच टक्क.
मला वाटलं, उशिराची तुती.
मग पत्रे वाजले, मग सगळंच वाजू लागलं.
लॅपटॉप पोटाशी धरून माणसं पळाली.
त्सिआलाला दार लांब पडलं,
ती गुडघ्यांवर रांगत माझ्याशेजारी आली.
सात मिनिटं आम्ही दोघं
मी घातलेल्या कुसांवर भरवसा ठेवून बसलो.
(माझा तिच्याहून कमी होता.)

ती बोलली नाही.
हात बाहेर काढला, मागे घेतला, पुन्हा काढला.
मनगटावर एक बसली तशी कळ गिळली,
गार उचलली आणि म्हणाली,
तुमच्याकडे माप आहे?

कॅलिपर खिशातच होता.
एकतीस मिलिमीटर, मी म्हटलं.
परत मोजा.
तीस.
परत.
एकोणतीस, आणि बाई, ही वितळतेय.
हो, ती म्हणाली,
आमच्याकडे अर्ज यायला आठवडा लागतो.

टेबलांवर खळगे पडले होते, अंगठा बसेल एवढाले.
इझोल्दाबाई म्हणाल्या, सगळी रंधून द्या.
दहा दिली.
अकराव्यावर त्सिआलाने पालथा हात ठेवला,
मनगट अजून निळंच होतं. हे राहू दे.

हल्ली ती तिथेच बसते.
अर्ज वाचताना डाव्या हाताचं बोट
एखाद्या खळग्यात घालून ठेवते.
किती मंजूर करते, मला माहीत नाही,
ते मला कोण सांगणार.
एवढंच, की गेल्या गुरुवारी पाचर मारायला गेलो
तर त्या टेबलाच्या आखूड पायाखाली
आधीच काहीतरी सरकवलेलं होतं:
लाल पेन्सिल, मोडून अर्धी केलेली.
टेबल हलवून पाहिलं. हललं नाही.
पाचर खिशात टाकली
आणि वाटेत दोन तुत्या खात घरी आलो,
वाळक्या, पण गोड.