दोघे किंवा तिघे

बेकपच्या चॅपलमध्ये हल्ली आम्ही तिघंच.
एकशे ऐंशी माणसांचे बाक
आणि एक हीटर, तोही खोकणारा.
महिन्यातून एकदा पाळकबाई येतात,
नजरेनेच मोजतात,
आणि म्हणतात, दोघे-तिघे असले तरी पुरे,
तो मधे असतोच.
आम्ही माना हलवतो.

डावीकडे वॉल्टर ऑर्मरॉड,
उजवीकडे विनिफ्रेड हॅवर्थ,
मधे सहा हात जागा आणि नऊ वर्षं.
छपरासाठी त्याने ऑर्गन विकला
तिला न विचारता.
तिच्या आईची बोटं झिजली होती त्यावर.
छप्पर अजून गळतं.

मधल्या रांगेत मी.
माझं आडनाव दोघांनाही जमत नाही,
मिसेस बी म्हणतात.
भिंगारदिवे एका दमात म्हणायला
फुप्फुसात थोडी नगरची धूळ लागते.

मंगळवारी रात्रपाळीला, वॉर्ड निजल्यावर,
वडिलांचं जुनं मराठी शास्त्र उघडलं.
ते म्हणायचे, वचन उचलायचं
तर मुळाच्या मातीसकट उचल.
म्हणून चार-पाच ओळी मागे गेले.

तिथे प्रार्थनासभा नव्हतीच.
भांडण होतं.
भाऊ भावाशी वाईट वागलेला,
आणि सांगणं असं, की आधी तू जा,
एकटा, त्याच्या दारी,
चारचौघांत बभ्रा न करता बोल.
नाहीच ऐकलं, तर एक-दोघांना सोबत ने,
साक्षीला.

हेच ते दोघे. हेच ते तिघे.
हजेरीपटावरचे नव्हेत.
रिकाम्या बाकांची लाज झाकायला
आपण ओढून घेतलेली ही शाल
कुणा साक्षीदाराच्या खांद्यावरची.
आणि तो मधे असतो म्हणजे
नेमका त्या अवघडलेल्या जागेत,
जिथे कुणालाच बसायचं नसतं.

पहाटे चारला बेल वाजली. उठले.
(थोरल्या भावाचा नंबर मला अजून पाठ आहे.
ते जाऊ दे.)

एरवी प्रार्थनेनंतर मी चहाच्या दोन किटल्या भरते,
हॉलच्या दोन टोकांना दोन टेबलं.
या रविवारी एकच भरली,
एकच टेबल मांडलं.
पहिली पायरी कुणीच चढलं नव्हतं,
मी सरळ दुसरीवर पाय ठेवला,
बरोबर की चूक, देव जाणे.

विनिफ्रेड म्हणाली, इथे वारा लागतो.
पण बसली.
ऑर्मरॉड बराच वेळ टोपी फिरवत उभा,
मग खुर्ची ओढली.
साखर कुठाय, त्याने मला विचारलं.

साखर तिच्या कोपराजवळ होती.
मी हात पुढे केला नाही.