सोळापैकी सहा

पेढ्याच्या जुन्या डब्यात नऊ हजार चारशे होते.
तेवढ्यात चार चाकांचं होत नाही, रामसेवक कुशवाह म्हणाला,
आणि ग्रीसच्या बोटाने बॉनेटवर हिशेब मांडला:
पुढची जोडी, वापरलेली, सात हजार.
बाकीच्यात बुश, प्लेट, मजुरी.
"पीछे का भगवान देखेगा."
मी मान डोलावली.
मागचं तोच बघत आलाय, अठ्ठ्याण्णव सालापासून.

जोडी मुरारच्या एका पोराची.
त्याने आपली गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणून
वर्षभर उडवली,
मग लग्न ठरलं म्हणून सुटे भाग विकले.
निळा रंग, खरचटलेला. अंगभर आटे,
आट्यांवर फिरणारं कडं, आणि माथ्यावर
सुपारीएवढं बटण,
एकीकडे मऊ, एकीकडे कडक, मधे सोळा टिक.
त्याला गाडी खाली हवी होती.
मला थोडी वर, आणि मऊ,
कारण बाबांच्या कमरेतले दोन शेजारी मणके
आता फक्त एकमेकांना घासतात.

हजिऱ्यात, बंद गिरणीच्या भिंतीला लागून गॅरेज.
झेन जॅकवर,
चपला काढून ओट्यावर बसलेल्या पाहुण्यासारखी.
जुने शॉकअप त्याने माझ्या हातात दिले. दाबून पाहिले,
फाटक्या वॉशरच्या सायकलपंपासारखे गेले आत.
म्हणजे इतकी वर्षं आम्ही
नुसत्या स्प्रिंगांवर फिरत होतो,
आणि मी बाबांना म्हणत होते, जरा सैल बसा ना.

भोकं जुळेनात.
बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
रामसेवकने छाप घेतला, पलीकडच्या लेथवर गेला,
सव्वा तासाने दोन चकत्या घेऊन आला, गरम,
शर्टाच्या टोकात धरून.
मजुरीत त्या धरल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

बाबा नेहमी मागे, लोडाला टेकून.
"आज पुढे बसा, पैसे पुढेच लागलेत."
बटण पहिल्या टिकवर, सगळ्यात मऊ.
छावणीतून निघालो कंपूच्या दवाखान्याकडे.
गाडी डुलत होती. मी खूश.
नदी गेटपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.
"दुखतंय?"
"नाही."
"मग?"
"रस्ता कळत नाहीये, निरू."

तेहतीस वर्षं पीडब्ल्यूडीत.
चालत्या जीपमध्ये डोळे मिटून सांगायचे,
इथे गिट्टी कमी पडलीये,
आणि ठेकेदार खिशातला रुमाल काढायचे.

गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं.
तीन टिक. पुढच्या चौकापर्यंत गेलो. नाही.
परत उतरले. मागचा टेम्पो हॉर्न मारत राहिला.
चार. पाच.
सहावर त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला,
कुणाचा ताप पाहावा तसा.
"हं. इथे पाइप टाकून नुसती माती लोटलीये. रोलर फिरवला नाही."
चेहऱ्यावर कळ होती,
आणि कितीतरी दिवसांत न दिसलेली एक चीडही होती.

उजवं बटण सहाच्या पुढे फिरतच नाही,
आतून गंजलंय बहुतेक.
सात मागितले असते तर काय केलं असतं, माहीत नाही.

स्पीडब्रेकरवर पुढची चाकं शहाण्यासारखी उतरली,
मागची धाडकन.
लोड उडून सीटखाली पडला. तो उचलला नाही कोणी.

डब्यात दोनशे साठ उरलेत, अलाइनमेंटचे चारशे होतात.
"बाबा, गाडी डावीकडे ओढतेय ना?"
"गाडी नव्हे. रस्त्याला उतार दिलेला असतो कडेला,
पाणी जायला."

काचेतून पाहिलं. त्या पट्ट्यात रस्ता
मला तरी सपाट दिसत होता.