साठ मिली

आरोग्याच्या कारणासाठी, असं छापलंय परवान्यावर.
सरकारी दवाखान्यातल्या पोरगेल्या डॉक्टरनं विचारलं,
'शुं तकलीफ छे, माजी?'
म्हटलं, संध्याकाळ.
त्यानं लिहिलं, निद्रानाश.

काल खंडेराव मार्केटातनं पातळ सालीची लिंबं आणली,
एकेक चोळून, नाकाशी धरून.
भाजीवालीला वाटलं लोणचं घालणार.
वाटू दे.

साल किसली. पांढरं येऊ द्यायचं नाही, कडवटतं,
हे जाल सरांचं.
वर साखर पसरून झाकून ठेवली.
सकाळी बरणीच्या तळाशी हिरवट, तेलकट पाक,
आणि फ्रिज उघडला तर
दुधालासुद्धा लिंबाचा वास.

जाल सर काच फुंकायचे आमच्या लॅबमध्ये.
फुटक्या पिपेटला नवं तोंड, ब्युरेटला नवी चोच.
माझ्या निवृत्तीला नारळाऐवजी
जर्नलचं एक पान दिलं, जांभळ्या शाईतलं:
उद्दिष्ट, गिमलेट.
साहित्य, जिन साठ मिली, लिंबाचा पाक वीस, ताजा रस दहा, बर्फ.
कृती, हात बधिर होईतो हलवणे.
निरीक्षण, ढगाळ.
निष्कर्षापुढे नुसती रेघ.
म्हणाले, खलाशांना औषध म्हणून द्यायचे म्हणे,
हिरड्या सुजायच्या बिचाऱ्यांच्या.
'आपन बी, कर्णिकबाई, किनाऱ्यापासून लांबच की.'

तीस वर्षं ब्युरेट वाचलीय मी.
डोळा पातळीत आणायचा,
द्रवाची खालची कमान बघायची, वरची नाही.
साठ म्हणजे साठ.
मोजपात्र लॅबचंच,
काठाला चीर गेली म्हणून भंगारात काढलेलं.
शेकर कुठला असणार? ह्यांचा बँकेत न्यायचा
फिरकीचा डबा आहे, वरणाचा.
बावीस वर्षांत एकदा सांडला नाही.

झाकण आवळलं. हलवायला लागले.
डबा असा खडखडला
की दारावरची बेल दोनदा वाजली तेव्हा ऐकू आली.

वरच्या कोकिळाबेन. हातात वाटी, विरजण हवंय.
'शुं वगाडो छो, बेन?'
डबा, म्हटलं.
त्यांनी बर्फ पाहिला, लिंबाची सालं पाहिली,
फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला परवाना
चष्मा वर करून
शिक्क्यासकट वाचला.
विरजण घेतलं.
गेल्या मात्र नाहीत.

परवान्यावर नाव एकच.
कायदा मोडायला मी घाबरते, खोटं कशाला सांगू.
दुसरा ग्लास काढला: पाक वीस, रस दहा,
आणि जिनच्या जागी माठातलं पाणी,
तेही मोजून, डोळा पातळीत आणून,
साठ.

गच्चीत दोन खुर्च्या आहेत, एकीचा पाय डुगडुगतो.
ती मी घेतली.
चहाच्या गाळण्यातून उतरलेले दोन ग्लास, रंगानं सारखे,
मलाच क्षणभर कळेना कुठला कोणाचा.
खाली दांडिया बाजारात कोणीतरी स्कूटर लाथाडत होतं.
कोकिळाबेननी घोट घेतला, डोळे मिटले,
पदरानं ओठ टिपले.
'मने तो चढ्युं,' म्हणाल्या.

रात्री नऊला नवसारीला फोन.
लेकीकडे असतात सर, ऐकू कमी येतं.
'निरीक्षण?'
ढगाळ, मी ओरडले. ढ-गा-ळ!
'अहियां बी,' म्हणाले,
आणि लेकीला विचारू लागले
छत्री कुठे ठेवलीय.