तिसऱ्या नंबरचा घट

बेटावरचं जनरेटर रात्री बाराला बंद होतं.
पुढचा अंधार ज्याचा त्याचा.

टेकडीवर माझ्या घरी रेडिओ आहे, वडिलांनी लावलेला,
खाली ट्रकची जुनी बॅटरी,
ती पहाटे तीनला मान टाकते.

जूनमधल्या थंडीत, वारा दक्षिणेचा,
ओनोफ्रे नाउएल्किनचा आवाज आला होडीतून:
"एदेल्मिरा, ऐकतेस का? तुझ्याकडे..."
आणि रेडिओचा दिवा विझला.

माझ्याकडे काय?
दोरखंड? डॉक्टर? देव?
चार तास मी काचेला कपाळ टेकून उभी.
उजाडल्यावर तो धक्क्यावर उतरला, ठणठणीत, कोरडा.
म्हणाला, यीस्ट आहे का विचारत होतो,
बायकोला पाव करायचा होता.
यीस्ट दिलं. सोबत एक शिवी.

मग दोन कोकरं विकली
आणि शेन्झेनहून चार घट मागवले.

तीन महिन्यांनी खोकं आलं,
कस्टमवाल्यांनी उघडून उलट्या बाजूने चिकटवलेलं.
निळे, चौकोनी, साडेपाच किलोचा एकेक,
एकाचा कोपरा चेपलेला,
आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये चिठ्ठी:
"कृपया घटास दुःख देऊ नये."

दुःख पहिल्याच दिवशी दिलं.
पाना निसटला, दोन टोकांवर आडवा पडला.
फाडकन आवाज, निळा उजेड,
पान्याला बोराएवढा खड्डा.
कुत्रं दोन दिवस स्वयंपाकघरात फिरकलं नाही.
मग पान्याला चिकटपट्टी गुंडाळली,
साबण लावून बोटातली अंगठी काढली,
मिठाच्या बरणीत ठेवली.
तो गेला तेव्हाही काढली नव्हती.

भाचा लादिस्लाओ कास्त्रोहून फोनवर सांगत होता:
मावशी, आधी सगळ्यांना एका पातळीला आण.
धन धनाला जोड, ऋण ऋणाला,
तीन पॉइंट पासष्ट, त्यावर केसभरही नाही.
धन धनाला मिळतंच, मी म्हटलं,
बँकेत बघते ना मी. त्याला कळलं नाही.

जनरेटर चालू तेवढे सहा तास चार्जिंग.
आकडा तीन पॉइंट तीनवर बसला तो बसला.
पाच रात्री. आठ रात्री.
मी बटाटे सोलले, स्वेटरची बाही विणली, उसवली.
बाराव्या रात्रीही ढिम्म.
तेराव्या रात्री, तापत ठेवलेलं दूध
पाठ फिरवली की वर येतं,
तसा आकडा चढायला लागला,
चव्वेचाळीस, बावन्न, एकसष्ट,
आणि मी ओल्या हाताने धावले,
मग आठवलं, ओल्या हाताने नाही,
पदर नव्हता, कुत्र्याच्या पाठीला हात पुसले.

त्याच्या अर्धवट होडीच्या सिप्रेसच्या फळ्या होत्या कोठारात.
त्यांत चौघांना आवळून बसवलं.
पाच बारीक तारा, क्रम चुकला तर पाटी जळते,
तीनदा मोजल्या, चौथ्यांदा मोठ्याने.

रिकामे करून पाहिले तर
तिसरा सगळ्यांच्या आधी बसला.
विकणाऱ्याला कळवलं.
त्याने फोटो मागितला, मग व्हिडिओ,
मग अकरा डॉलर देऊ केले.
लादिस्लाओ म्हणाला, एक खराब तर सगळे खराब,
तो थांबला की उरलेले तिघे थांबतात.
माहितेय, मी म्हटलं.
चेपलेल्या कोपऱ्यावर खडूने तीन लिहिलं
आणि राहू दिला.
तो थांबायच्या आत उजाडतं. अजून तरी.

काल साडेतीनला रेडिओ खरखरला.
"एदेल्मिरा, ऐकतेस का?"
ऐकते.
मग बराच वेळ नुसतं पाणी, इंजिन, पाणी.
"काही नाही. तुझा दिवा दिसला."

यीस्ट संपलंय, मी आधीच सांगून टाकलं.