दोन पूर्णांक सहा

नागदेवी स्ट्रीटवर हातिमभाई
चष्मा कपाळावर सरकवून
स्क्रू व्हर्नियरच्या चिमटीत धरतात.
"तीनचा नाही. दोन पूर्णांक सहा. जपानी.
आता कोण ठेवतं?"

तरी स्टुलावर चढतात.
बोर्नव्हिटाचा डबा, मग बाळाच्या पावडरीचा,
मग एक डबा, ज्यावर नुसतं 'बघू' लिहिलंय.

काउंटरवर माझी लाल गाडी उताणी,
शहाऐंशी साली मस्कतहून आलेली,
पोटाला अजून गॅलरीतली माती.

"तीनचा पिळलात तर प्लास्टिक फाटेल.
लोक पिळतात. मग रडत येतात."

पुढच्या डाव्या चाकापाशी त्यांचं बोट थांबतं.
"हा गाडीचा नाहीच.
शिलाई मशीनचा आहे. आटे वेगळे, तरी बसलाय.
साबण लावून, जरा जरा करत.
कुणी बसवला?"

मला आठवते आईच्या मशीनची पट्टी,
एका भोकात काडेपेटीची काडी,
वर दोरा गुंडाळलेला.
काडी दर आठवड्याला मोडायची.
मी विचारलं होतं एकदा.
"पडला असेल कुठे," म्हणाली,
आणि शेजारच्या सुलभाताईंचा ब्लाउज पुढे ओढला.

मशीन भंगारात गेलं, त्यालाही वीस वर्षं.

"चार देऊ?" हातिमभाई विचारतात.
"तीनच द्या."

ते बघतात माझ्याकडे,
पुडी बांधतात.
साठ रुपये.

बॅटरी अजून कुठे मिळत नाही.